मनोविश्लेषण आणि वैद्याची खुर्ची

मनोविश्लेषणात रुग्णाने मनात येईल ते बोलावयाचे आणि वैद्याने त्याचा अर्थ लावावयाचा, अशी रीत आहे. परंतु अर्थ लावणारा कोणत्या समाजातला व त्याच्या हाती सत्ता किती, हे सहसा कोणी विचारीत नाही.

डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. सुरुवातीच्या सभासदांत बर्कली-हिल हे इंग्रज वैद्य होते. रांचीस युरोपियनांसाठी राखलेल्या मनोरुग्णालयाचे ते प्रमुख. हिंदूंच्या धर्माचे व स्वभावाचे मूळ बालपणच्या मलविसर्जनाच्या सवयींत शोधणारा लेख त्यांनी १९२१ साली लिहिला. एकेका रुग्णासाठी असलेले साधन सबंध जित समाजावर चालविले गेले! त्यांची विद्वत्ता कोणी नाकारणार नाही. पण उलट उत्तर द्यावयास समोर रुग्णच नव्हता.

बोसांनी उलट दिशेने पाहिले. १९२९ साली त्यांनी फ्रॉइडना कळविले की, युरोपीय रुग्णांत ठळक दिसणारे लिंगच्छेदाचे भय आपल्या भारतीय रुग्णांत तितके आढळत नाही; पुरुषाच्या मनातील स्त्री होण्याची इच्छा मात्र येथे सहज उघड होते. फ्रॉइडनी उत्तर सौजन्याचे दिले. सिद्धांत होता तेथेच राहिला.

तथापि बोसही वरच्या, सुशिक्षित वर्गातलेच. आज एखादी दलित शेतमजूर बाई सवर्ण डॉक्टरपुढे गप्प बसली, तर त्या मौनास शास्त्रात म्हणतात तसा मनाचा ‘प्रतिरोध’ म्हणावे, की पिढ्यांच्या अनुभवाने आलेला सावधपणा?