फ्लॉपीची आखणी : आधी प्रत, मग फॉरमॅट

शाळेच्या कपाटात जुनी फ्लॉपी सापडल्यास ती फॉरमॅट करण्यापूर्वी त्या क्रियेचा अर्थ शिक्षकांनी ध्यानी घ्यावा. वऱ्हाडात तिफणीने शेतात तास पाडतात. त्याप्रमाणे फॉरमॅट करताना साडेतीन इंची, १.४४ एमबी फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार तास आखले जातात. प्रत्येक तासाचे १८ भाग असतात. तबकडी मिनिटास ३०० फेरे घेते. धुऱ्यावर बैल वळविण्यास वेळ लागतो, तसाच वाचनशीर्षास पुढील तासावर सरकण्यासही लागतो. म्हणून ‘एफडीफॉरमॅट’सारखी आज्ञावली प्रत्येक तासाचा आरंभ किंचित पुढे सरकवीत असे. त्यायोगे एक फेरा, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, वाया जात नसे व वाचन जलद होई.

परंतु आखणीने झिजलेली फ्लॉपी नवी होत नाही. पूर्ण फॉरमॅटने जुन्या नोंदी मात्र नष्ट होतात. फ्लॉपी वाचता न आल्यास संगणक ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असे विचारतो. तेथे ‘नाही’ म्हणावे. फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकती खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर लेखन होणार नाही. प्रथम नोंदींची प्रत अन्यत्र घ्यावी. तीत एखाद्या विद्यार्थ्याची दाखल-खारीजची एकमेव नोंद असू शकेल.