पोहायला शिकवणारा वेगळा, जीव राखणारा वेगळा : तलावाच्या दारात कोणता कागद मागायचा?



मार्च संपत आला की नांदेड-लातुरात उन्हाळी शिबिरांचे फलक लागायला लागतात. 'पंधरा दिवसांत पोहायला शिका' हा त्यातला ठरलेला फलक. मग शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर पालक विचारतात, "सर, लेकराला कुठल्या तलावावर टाकावं?" फी विचारतात, वेळ विचारतात, पाणी स्वच्छ आहे का तेही विचारतात. शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र कोणतं आहे आणि काठावर उभा असलेला माणूस नेमका कोण आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजचा पाठ त्यावरच आहे.

मराठवाड्यात पोहणं शिकायची जुनी शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि काका-मामांनी वरून ढकलून द्यायचं. भ्यालेल्या लेकराला असं ढकलणं आज कोणत्याही प्रशिक्षणात बसत नाही, आणि बसू नये. पण त्या पद्धतीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. दोराचं दुसरं टोक काठावरच्या एका माणसाच्या हातात असायचं आणि त्या माणसाला तेवढा वेळ दुसरं कोणतंही काम नसायचं. एक पाण्यात, एक काठावर. टाइल्स लावलेल्या आणि तिकीट घेणाऱ्या बऱ्याच तलावांवर हे दोन माणसांचं गणित हरवलेलं दिसतं. तिथे शिकवणाराच फी घेतो, तोच शिट्टी वाजवतो आणि लक्षही त्यानेच ठेवायचं असतं.

त्यात आपल्याकडचं पाणी विचित्र आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या वर्षी विहिरीचा तळ दिसतो त्या वर्षी गावातली मुलं पोहायला शिकणार कुठे? त्याच वर्षी राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली आणि शिवाराशिवारात नवं पाणी आलं. शेततळ्याला तीन मीटरपर्यंत खोली, उतरते काठ आणि बहुतेक ठिकाणी वरून प्लास्टिकचं अस्तर असतं. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा दोरीशिवाय वर येऊ शकत नाही, मग लेकराचं काय! नांदेडकडे तर गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, घाटाच्या पायऱ्या आहेत. म्हणजे पाणी कमी असो की जास्त, पोहता न येणारं मूल दोन्हीकडे धोक्यातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. ५ ते १४ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत बुडणं येतं. हे वय कोणाच्या ताब्यात असतं? दिवसभर आपल्याच वर्गात.

तीन कागद, तीन अर्थ

पोहण्याच्या क्षेत्रात साधारण तीन प्रकारची प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेली दिसतात. आपण तिन्हीला सरसकट 'सर्टिफिकेट आहे' म्हणतो, गडबड इथूनच सुरू होते.

पहिला कागद प्रशिक्षकाचा, म्हणजे कोचचा. पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे. तिथला पदविका अभ्यासक्रम किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला माणूस खेळाडू घडवायला शिकलेला असतो. हाताचा वल्हा, पायाचा मारा, सरावाचं वेळापत्रक हा त्याचा विषय. मोठी पात्रता आहे ती, पण तिचा रोख स्पर्धेवर असतो.

दुसरा कागद नवशिक्यांना शिकवणाऱ्याचा. पाण्याची भीती कशी घालवायची, तोंड पाण्यात घालून श्वास कसा सोडायचा, तरंगायला कसं लावायचं, एका वेळी किती मुलं घ्यायची, हे कौशल्य वेगळं आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलेल्या माणसाला ते येतंच असं नाही. आपल्याकडे गणितात पहिला आलेला प्रत्येक जण पहिलीच्या वर्गाला बेरीज शिकवू शकतो का? तसंच ते.

तिसरा कागद जीवरक्षकाचा. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी असं प्रशिक्षण देते आणि ती आंतरराष्ट्रीय जीवरक्षक महासंघाशी जोडलेली आहे. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही जीवरक्षणाचे अभ्यासक्रम घेते. या परीक्षेत काय असतं, याचा अंदाज यावा म्हणून ब्रिटनमधल्या तलाव-जीवरक्षकाच्या प्रवेशअटी बघा. वय किमान १६ वर्षं. ५० मीटर ६० सेकंदांच्या आत पोहायचं. १०० मीटर पोटावर आणि पाठीवर न थांबता. ३० सेकंद जागेवर उभं तरंगायचं. सगळ्यात खोल जागी बुडी मारून तळ गाठायचा. शेवटी शिडी न वापरता काठावर चढायचं. हे सगळं प्रशिक्षण सुरू होण्याआधीच यायला पाहिजे. खरं शिक्षण त्यापुढे : बुडणाऱ्याला ओढून आणणं, मानेला मार लागलेल्याला न हलवता धरणं, थांबलेला श्वास चालू करणं. आणि हे प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं. दरम्यान नियमित सराव नसेल तर पुढची परीक्षा कठीण जाते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही मुदतीची अट. पदवी जन्मभराची असते, जीवरक्षकाची पात्रता तशी नाही. हाताची सवय मोडली की ती संपते. म्हणून भिंतीवरच्या चौकटीतला कागद बघताना नावाआधी तारीख बघा. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी जीवरक्षकांची सरकारी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे ही तपासणी विचारणाऱ्या पालकालाच करावी लागते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्या नदीत वावरणारे भोई-कोळी समाजातले लोक आहेत. पुराच्या पाण्यात उतरून माणूस काढण्याची त्यांची हातोटी कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. कागद नाही म्हणून त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. उलट प्रशिक्षणाची पहिली संधी त्यांच्या मुलांना मिळायला हवी. बांगलादेशात 'स्विमसेफ' नावाच्या कार्यक्रमात गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधून मुलांना शिकवतात. शिकवणारे गावचेच तरुण-तरुणी असतात, पण आधी प्रशिक्षण घेतलेले. आपल्या गावांना हे परवडण्यासारखं आहे.

नदीच्या अनुभवाला प्रशिक्षणाची जोड कुठे लागते? माणूस बाहेर काढल्यावर. अजूनही बुडालेल्याला उलटं टांगतात, गोल फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. त्यात सगळ्यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं पाणी-अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. श्वास चालत नसेल तर आधी तोंडावाटे श्वास द्यायचा, मग छातीवर दाब. प्रत्येक ३० दाबांमागे २ श्वास, दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्या माणसाने तेवढ्यात १०८ लावायचा. वाचून हे येत नाही, पुतळ्यावर हाताने करावं लागतं.

काठावरच्या माणसाने कसं वागायचं

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा "वाचवा, वाचवा" ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, ओरडायला श्वासच नसतो. हात हलवून बोलावणंही जमत नाही. अमेरिकन जीवरक्षक फ्रँक पिया यांनी हे निरीक्षण मांडलं, आणि ही धडपड २० ते ६० सेकंदांत संपते असं त्यांनी दाखवलं. लांबून बघणाऱ्याला मूल खेळतंय असंच वाटतं. म्हणून बऱ्याच तलावांवर १०-२० चा नियम शिकवतात : आपल्या वाट्याचं पाणी १० सेकंदांत नजरेखालून घालायचं आणि अडचणीतल्या माणसापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोचायचं. आता सांगा, एका मुलाचे पाय धरून मारा शिकवणाऱ्या सरांना पाठीमागचं पाणी दर १० सेकंदांनी कसं दिसणार? ते कितीही चांगले असोत, त्यांची पाठ तिकडे आहे. काठावर वेगळा माणूस लागतो, तो एवढ्यासाठी.

त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. ठरलेल्या वेळाने त्याची पाळी बदलायला हवी, कारण चकाकणाऱ्या पाण्याकडे तासन्‌तास बघून नजर सुन्न होते. तो जागेवरून उठला तर पाणी रिकामं करायचं, मग दोनच मिनिटांचं काम का असेना.

शिकवणाऱ्याच्या वागणुकीचे नियम आणखी नाजूक आहेत. पोहणं शिकवताना अंगाला हात लागतोच. म्हणून कुठे धरणार ते मुलाला आधी सांगायचं, हात सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, आणि मूल नको म्हणालं तर फळी द्यायची. कपडे बदलायच्या खोलीत मुलासोबत एकट्याने जायचं नाही. मुलाला परस्पर मेसेज करायचा नाही, जे सांगायचं ते पालकांच्या गटावर. मुलींच्या वेळेला बाई प्रशिक्षक हवी. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास शिक्षा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यानंतर शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीवर आणि सखी सावित्री समितीवर आपण सगळ्यांनी बैठका घेतल्या. शाळेमार्फत मुलं तलावावर जात असतील तर तीच पडताळणी तिथल्या माणसांचीही मागा. संकोच वाटायचं काही कारण नाही.

सहलीबद्दल एकच सांगतो. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. सोबत शिक्षक होते. हजेरी घेणारे डोळे आणि पाण्यावर पहारा देणारे डोळे वेगळे असतात. सहलीच्या पत्रकात 'पाण्याजवळ थांबणार का' हा रकाना टाका. उत्तर 'हो' असेल तर जीवरक्षक कोण, त्याचं नाव आणि प्रमाणपत्राची मुदत लिहा. लिहिता येत नसेल तर ते ठिकाण यादीतून काढा.

वर्गात घेण्यासारखं

पाचवी ते सातवीला एक तास पुरतो. सामान : दहा मीटर सुतळी, एक लिटरची झाकणाची बाटली, लांब काठी. मैदानावर चुन्याने तळं आखा. एक मूल 'पाण्यात', बाकीचे काठावर. काठावरच्यांनी क्रमाने करायचं : मोठ्याने हाक मारून माणसं जमवा, पोटावर झोपून काठी पुढे करा, काठी पुरत नसेल तर दोरी बांधलेली बाटली फेका. बाटलीत थोडं पाणी ठेवा, नाहीतर ती वाऱ्याने भरकटते. पाण्यात उडी कोणीही मारायची नाही. मित्राला वाचवायला उतरलेलं दुसरं मूलही जातं, हे मुलांना गावातल्या घटनांवरून ठाऊक असतं, त्यांनाच बोलू द्या. शेततळं असलेल्या घरातल्या मुलांना दुसऱ्या दिवशी विचारा, काठावर गाठी मारलेली दोरी बांधलेली आहे का. बहुतेक घरी नसते, पण विचारल्यावर आठवडाभरात बांधली जाते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. त्या दिवशी परिपाठात विषय जरूर घ्या. हा सरावाचा तास मात्र मार्चमध्येच, परीक्षेच्या आधी उरकावा लागतो, कारण आपली मुलं विहिरीवर आणि शेततळ्यावर जातात ती एप्रिल-मेमध्ये, शाळेला सुट्टी असताना.