बोरघाटांतील रिव्हर्सिंग स्टेशन

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडीला आज बोरघाटांत तोंड फिरवावें लागत नाहीं. परंतु इ. स. १८६३ पासून १९२९ पर्यंत, म्हणजे ६६ वर्षें, खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर असें एक स्टेशन होतें कीं, तेथें गाडी थांबे आणि उलट दिशेस तोंड करून पुढें निघे. त्यास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. आज तें वापरांत नाहीं. तरी त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावा असा आहे.

१८५३ सालीं मुंबई ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली. १८५६ सालीं रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचले, आणि १८५८ सालीं वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धांवूं लागली. मध्यें मात्र सह्याद्रि उभा होता. उतारू खोपोलीस उतरत, पालखींत किंवा तट्टावर बसून घाट चढत, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडी धरीत.

ही तूट सांधण्याचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांजकडे होतें. सुमारें १५ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. कांहीं ठिकाणीं दर ३७ फुटांस १ फूट इतका चढ ठेवावा लागला, व तोही वाफेच्या इंजिनास जडच होता. चढ सौम्य हवा तर मार्ग लांब हवा. मार्ग लांब करावा तर वळण हवें. आणि उभ्या कड्यावर वळणास जागा नाहीं! तेव्हां बर्कले यांनीं डोंगरांतील पायवाटेचीच रीत योजिली. वाट जशी एकदां इकडे, एकदां तिकडे वळून वर जाते, तसे रूळ घातले. इंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडीत, कीं गाडी पुढची चढण चढूं लागे. कसाऱ्याच्या थळ घाटांतही असेंच एक स्टेशन होतें.

या मार्गावर २५ बोगदे व ८ मोठे पूल बांधावे लागले. १८६१ सालाच्या आरंभीं सुमारें ४२,००० मजूर तेथें खपत होते. सुरुंगांनीं, दरडींनीं आणि पटकीच्या साथींनीं त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं तें कंत्राट पुढें चालविलें. खुद्द बर्कले १८६२ सालीं निवर्तले. पुढच्या वर्षीं मार्ग खुला झाला, तो पाहण्यास ते उरले नाहींत.

पुढें वाहतूक वाढली. इंजिन बदलण्यांत वेळ मोडे, आणि गाडी स्टेशनांत मावेल इतकीच लांब ठेवावी लागे. १९२९ सालीं नवे बोगदे खणून सरळ मार्ग काढला गेला, व त्याच सुमारास विजेचीं इंजिनें आलीं. १ जून १९३० रोजीं निघालेल्या डेक्कन क्वीनला या स्टेशनावर तोंड फिरवावें लागलेंच नाहीं.

मुलांनो, टाकून दिलेलें तें सारें व्यर्थ होतें असें समजूं नका. वरचा डोंगर गांठण्यासाठीं ज्यास क्षणभर मागें फिरावें लागतें, तो हरलेला नसतो. शिवाय, ज्या हातांनीं तो खडक फोडिला त्यांचीं नांवें इंजिनियरांच्या नांवांप्रमाणें ग्रंथांत सहसा सांपडत नाहींत. तीं देवास ठाऊक आहेत. पुढच्या वेळीं घाटांत बोगद्याचा अंधार आला म्हणजे क्षणभर त्यांचें स्मरण करा, एवढेंच आमचें सांगणें आहे.