गूगलवरचं म्हणजे कुणाचंच नाही?

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या बहराचा मी काढलेला फोटो एका कॉलेजच्या छापील, विकायच्या कॅलेंडरवर दिसला. खाली नाव एका विद्यार्थ्याचं, स्पर्धेतला पहिला क्रमांक. मूळ फोटोच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव होतं. तेवढीच पट्टी कापलेली. नाव कापायचं तर ते आधी दिसावं लागतं, हे लक्षात आलं आणि संताप अनावर झाला.

कॉलेजमधल्या संबंधित सरांना फोन केला. "मॅडम, मुलं आहेत. गूगलवर होता, घेतला. उलट तुमची जाहिरातच झाली." नाव कापल्यावर जाहिरात कुणाची? त्या मुलाने संध्याकाळी स्वतःहून फोन करून माफी मागितली. दुसऱ्याचा फोटो न विचारता वापरू नये, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सरांनी आजतागायत दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

म्हणून शिक्षकांनो, मुलांना स्पष्ट सांगा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृती तयार झाली की कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणी किंवा खूण लागत नाही. वर्गातल्या शिकण्यासाठी वापरायला कायदा मुभा देतो, पण तोच फोटो छापून विकणं वेगळं. निर्मात्याचं नाव लागण्याचा हक्क कलम ५७ देतं, आणि तो हक्क कॉपीराइट विकल्यावरही उरतो. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कैदेची तरतूद आहे.

"सौजन्य : गूगल" लिहिलेल्या प्रकल्पाचे गुण कापा. गूगल फक्त शोधून देतं. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. विचारावं लागतं, आणि एका ईमेलमध्ये काम होतं. मोकळेपणी वापरायचं असेल तर विकिमीडिया कॉमन्स आहे, फक्त प्रत्येक चित्राखालच्या अटी वाचा. साने गुरुजी १९५० साली गेले. मृत्यूनंतरची ६० वर्षं संपल्यामुळे त्यांचं साहित्य २०११पासून सर्वांना खुलं आहे. अशी उदाहरणं मुलांना पटकन कळतात.

फोटो काढणाऱ्यांनो, मूळ रॉ फाइल जपून ठेवा. तक्रारीआधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. माझ्या फोननंतर त्या कॅलेंडरबद्दलची कॉलेजची ऑनलाइन पोस्ट लगेच गायब झाली. पुरावा होता म्हणून माझं म्हणणं टिकलं.

शिक्षकांनो, हे कॉलेजपर्यंत लांबवू नका. पाचवीतल्या पहिल्या प्रकल्पाच्या वेळीच विचारा, हा फोटो कुणी काढलाय?