पेरूची फळमाशी आणि तेल-पाण्याचा मेळ

आंबे बहाराचा पेरू पिकायला लागला आहे आणि पावसाची रिपरिप थांबत नाही. फळमाशीला याहून चांगले दिवस नाहीत. 1927 साली पुण्याच्याच गणेशखिंडीत निवडलेला आपला सरदार पेरूही तिच्या तावडीतून सुटत नाही. फळ हातात घेऊन बघा. सालीवर टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका असतो आणि अंगठ्याने दाबलं की तेवढीच जागा आत जाते. मादीने तिथे अंडी घातलेली असतात. अळी गरात आणि औषध सालीवर, त्यामुळे असं फळ फवारणीने वाचत नाही.

म्हणून भर सापळ्यांवर द्या. एकरी 4 ते 5 मिथाईल युजेनॉलचे सापळे सावलीच्या फांदीला बांधा. नर माश्या या गंधावर धावतात. पण हा पदार्थ तेलकट आणि भरभर उडणारा आहे. कापसाच्या बोळ्यावर ओतला तर सुरुवातीला भपकारा येतो, पुढे रिकामा डबाच झाडाला लटकत राहतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्याच शहरातल्या कीटकशास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. मिथाईल युजेनॉल त्यांनी मऊ जेलमध्ये बांधून ठेवलं आणि पेरूच्या बागेत तपासलं. गंध सावकाश सुटत राहिला. हे काम 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

याची पुढची पायरी म्हणजे तेलाचा जेल आणि पाण्याचा जेल एकत्र घोटणं. त्याला बायजेल म्हणतात. मधमाशीच्या मेणाने तेल थिजतं, चायना ग्रासने पाणी थिजतं. दोन्हींना आपापला सांगाडा मिळाला की ते पटकन वेगळे होत नाहीत. मला यात मोठी आशा दिसते. नराला ओढणारा गंध तेलात विरघळतो, मादीला हवी असलेली गोडी आणि प्रथिनं पाण्यात विरघळतात. फळ नासवते ती मादी, आणि मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात ती येत नाही. दोघांचं आमिष एका गोळ्यात बसवायचं तर ही एक वाट आहे. आपल्या कृषी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावं.

बागेत मात्र तेल-पाण्याची गाठ रोज पडते ती निंबोळी तेलापाशी. पिठ्या ढेकणासाठी फवारणी करताना तेल थेट पंपात ओतलं तर ते वर तरंगतं. टाकीतलं शेवटचं पाणी जवळजवळ नुसतं तेलच असतं आणि त्याने पानं करपतात. आधी मगात तेल आणि थोडं द्रव डिटर्जंट घोटा, मग थोडं थोडं पाणी घालत ढवळा. ताकासारखं पांढरं झालं की टाकीत ओता. लिटरला 5 मिली तेल पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर कपड्याचा साबण वापरू नका, तो फुटतो आणि नोझल तुंबतं. मिश्रण लगेच संपवा आणि फवारणी संध्याकाळी, उघडीप बघून करा.

गळालेली फळं रोज वेचा आणि दोन फूट खोल पुरा. झाडाखाली राहिलेल्या फळातली अळी मातीत जाऊन कोषात शिरते आणि तिथूनच पुढची पिढी उठते. बांधावरच्या शेजाऱ्यालाही हे सांगा, कारण माशी बांध ओळखत नाही. दरवर्षी हाच त्रास होत असेल तर आंबे बहार सोडून मृग बहार धरा. त्याची फळं थंडीत येतात, तेव्हा माशी कमी असते.