कापसाचें कूळ शोधणारे हचिन्सन

लोणखेड्याहून ईशान्येस, सातपुडा व नर्मदा ओलांडली म्हणजे इंदूर लागतें. तेथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ सालीं स्थापिलेल्या संस्थेंत जोसेफ हचिन्सन यांनीं १९३३ ते १९३७ पर्यंत कापसाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. हॉवर्ड यांचें नांव कंपोस्ट खतामुळें शेतकऱ्यांस ठाऊक आहे, हचिन्सन यांचें नाहीं. हें आम्हांस गैर वाटतें.

पीकपाहणींत आम्ही देशी व अमेरिकन दोन्ही ‘कापूस’ म्हणूनच लिहीत असूं. परंतु देशी कापसाच्या पेशींत २६ गुणसूत्रें असतात, अमेरिकनच्या पेशींत ५२. दोहोंचा संकर क्वचित् साधलाच तर संततींत ३९ येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहींत व झाड बहुधा वांझ निघतें. तेव्हां शेजारच्या देशी कापसानें घरचें अमेरिकन बियाणें बिघडलें, ही तक्रार फोल होय. जिनिंगमध्यें सरकीची भेसळ झाली काय, तें आधीं पाहावें.

हें ५२ गुणसूत्रांचें कूळ जुन्या जगांतील कापूस व अमेरिकेंतील रानकापूस यांच्या संकरांतून झालें. १९४७ च्या ग्रंथांत हचिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर्क केला कीं, मनुष्यानेंच आपला कापूस समुद्रापार नेला असावा. तो तर्क पुढें टिकला नाहीं. हा संकर मनुष्य अमेरिकेंत पोहोंचण्याच्या फार पूर्वीं, सुमारें १० ते २० लक्ष वर्षांमागें, आपोआप घडला.

इंदुरास त्यांचे सहकारी वि. गो. पानसे होते. नव्या जातीची पारख एकाच वावरावरून करूं नये, अनेक तुकड्यांत आलटून-पालटून पेरून करावी, ही रीत त्यांनीं गणितानें पक्की केली.