अ‍ॅव्होकाडोची बी लावण्याआधी

आमच्या पुण्यातल्या गच्चीवर बीपासून वाढवलेलं अ‍ॅव्होकाडोचं झाड आहे. उंची माझ्या डोक्यावर गेली आहे, पानं वीतभर लांब आणि तकतकीत. फळ मात्र अजून एकही नाही. येणारीजाणारी माणसं कौतुकानं विचारतात, ‘बी कशी रुजवली?’ तेही सांगते, पण फळाच्या आशेनं लावणार असाल तर आधी दुसरंच ऐका.

हापूसची कोय पुरली की हापूसच येईल, असं कोकणात कुणी म्हणणार नाही. जे येईल ते रायवळ. अ‍ॅव्होकाडोचंही तेच. बीचं झाड आईसारखं निघत नाही आणि फळावर यायला पाच ते दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतं. कुंडीत तर बहुधा लांबतंच. त्यात फुलाची तऱ्हा न्यारी. एकच फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून आणि मिटून दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही झाडांचं मादीफूल सकाळी उमलतं, काहींचं दुपारी. दोन्ही प्रकारची झाडं जवळ असली तर फळधारणा चांगली होते. एकटं झाड फळ धरतच नाही असं नाही, पण भरवसा नसतो.

यावर कुणीतरी हमखास ‘हास’चं उदाहरण देतं. बाजारात मिळणारा काळपट, खरबरीत सालीचा हा वाण खरोखरच बीतून आलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या टपाल कर्मचाऱ्याच्या बागेत ते रोप उगवलं आणि 1935 साली त्यानं पेटंट घेतलं. पण तो योगायोग होता. जगभरातली हासची झाडं त्या एका झाडाच्या कलमांतूनच वाढली आहेत. मूळ झाड 2002 मध्ये तोडावं लागलं, तेही मुळकुजीमुळे.

ही मुळकूज हाच आपल्याकडचा खरा शत्रू. अ‍ॅव्होकाडोची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात आणि त्यांना पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. माझं पहिलं रोप काळ्या मातीच्या कुंडीत होतं, ते भर पावसाळ्यात गेलं. आधी पानं मलूल होतात. माती ओली असते, तरी बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलं आहे, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. पानं मान टाकतील तेव्हा आधी मातीत बोट खुपसून बघा. पोयटा, जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि जुनं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा, कुंडीला खाली मोकळी भोकं ठेवा आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच टाका.

पाण्याबाबत आणखी एक. हे झाड क्षार सोसत नाही. बोअरचं पाणी घालत राहिलात की पानांची टोकं आणि कडा करपून तपकिरी होतात. मग लोक खत वाढवतात, आणि रासायनिक खत म्हणजे पुन्हा क्षारच. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

आता रुजवणं. बी सुकली की मरते, म्हणून फळ कापल्यावर धुऊन लगेच लावा. टूथपिक टोचून पाण्याच्या पेल्यावर टेकवून ठेवण्याची पद्धत बघायला छान, पण ते पाणी आठवडाभर बदललं नाही तर डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. मला विचाराल तर सरळ कुंडीत लावा. चपटी बाजू खाली, निमुळती वर, वरचा भाग किंचित उघडा. कोंब यायला महिना-दीड महिना सहज लागतो. मधे उकरून बघू नका. रोप वीतभराच्या वर गेलं की शेंडा खुडा, नाहीतर नुसती काठी वाढते. एप्रिल-मेच्या दुपारचं ऊन कोवळ्या पानांना भाजतं, तेव्हा हिरव्या जाळीची सावली हवी. घरात लव्हबर्ड किंवा अंगणात शेळी असेल तर त्यांना ही पानं खाऊ देऊ नका, विषारी ठरतात.

फळच हवं असेल तर बीचं रोप खुंट म्हणून वापरून त्यावर माहितगार माळ्याकडून पाचर कलम करून घ्या, किंवा तयार कलम आणा. कलमाला साधारण तीन-चार वर्षांत फळ धरतं. फक्त विकत घेताना डोळे उघडे ठेवा. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेनं मला ‘कलम’ म्हणून जे रोप दिलं ते साधं बीचंच होतं. बुंध्याशी बोटं फिरवा, जोडाची गाठ किंवा तिरपी खूण लागायला हवी. ती नसेल तर कलमाचे पैसे देऊ नका.